वर्करचं उत्तर वर्करकडूनच घ्या

नागपूरच्या हिंगणा रोडवर इंजिनिअरिंग कॉलेजं आणि एमआयडीसी एकमेकांच्या शेजारीच आहेत. वानाडोंगरीचं यशवंतराव चव्हाण अभियांत्रिकी महाविद्यालय 1984 पासूनचं, सीआरपीएफच्या आसपास रायसोनी आणि प्रियदर्शिनी, आणि त्याच पट्ट्यात कारखान्यांच्या शेडमागून शेड. इथल्या मुलामुलींना प्रोजेक्टचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही. मशीनवरून उतरलेल्या जॉबचा मोबाइलवर फोटो काढायचा आणि त्यावर ब्लोहोल आहे का, तडा आहे का, हे ब्राउझरमध्येच तपासायचं, हा त्यातला एक चांगला विषय. फोटो बाहेरच्या सर्व्हरवर जात नाही, त्यामुळे कारखानदाराला परवानगी द्यायला जड जात नाही. मॉडेल एकदा उतरलं की नेट मंद असलं तरी काम थांबत नाही.

असं टूल करायला बसलं की मॉडेल वेबअसेंब्लीत चालवावं लागतं. पान गोठू नये म्हणून ते वेब वर्करमध्ये ठेवावं लागतं. आणि वेग हवा असेल तर एकाच मेमरीवर तीन-चार थ्रेड कामाला लावावे लागतात. ती सामाईक मेमरी म्हणजे शेअर्डअ‍ॅरेबफर, आणि घोडं अडतं ते इथेच. लॅपटॉपवर सगळं झकास चालतं. सर्व्हरवर चढवलं की एक तर वर्कर उठतच नाही, नाहीतर उठतो पण एकाच थ्रेडवर रखडत चालतो, आणि कन्सोलमध्ये धड कारणही सापडत नाही. बहुतेक वेळा क्रॉस-ओरिजिन आयसोलेशन कुठेतरी सुटलेलं असतं. ते वर्करच्या आतून कसं तपासायचं, हे मला इथे सविस्तर सांगायचं आहे. पानावर तपासून वर्करबद्दल अंदाज बांधायचा, आणि मग चुकीच्या जागी दुरुस्ती करत बसायचं, यात फार वेळ वाया जातो.

लेखात हेडरांची आणि प्रॉपर्टींची नावं देवनागरीत दिली आहेत, कोडमध्ये ती अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायची. हेडरच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही. हेडरची किंमत मात्र लहान अक्षरांतच लिहायची. जावास्क्रिप्टमधल्या क्रॉसओरिजिनआयसोलेटेड या नावात ओरिजिन आणि आयसोलेटेड यांची पहिली अक्षरं मोठी, बाकी सगळी लहान.

ही अट आली कुठून, ते थोडक्यात. जानेवारी 2018 मध्ये स्पेक्टर नावाचा प्रोसेसरमधला दोष जाहीर झाला. एका प्रोसेसमध्ये बसलेला कोड त्याच प्रोसेसमधली दुसऱ्याची माहिती वेळेच्या अगदी बारीक फरकावरून ओळखू शकतो, असं दिसून आलं. त्यासाठी लागतं ते अतिशय सूक्ष्म घड्याळ. आणि ते घड्याळ बनवायला वर्कर पुरेसे होते: एका वर्करने सामाईक मेमरीतला आकडा अखंड वाढवत राहायचं आणि दुसऱ्याने तो वाचायचा. म्हणून त्याच महिन्यात ब्राउझरांनी शेअर्डअ‍ॅरेबफर बंद केलं. पुढे फायरफॉक्सने 2020 मध्ये 79 व्या आवृत्तीत आणि सफारीने 2021 च्या अखेरीस 15.2 मध्ये ते परत दिलं, पण अटीवर. डेस्कटॉप क्रोमने ते आधीच परत दिलं होतं. त्यानेही 2021 मध्ये 92 व्या आवृत्तीपासून तीच अट लावली. अट अशी की पानाने स्वतःला परक्या मजकुरापासून वेगळं काढलेलं असलं पाहिजे, म्हणजे चोरण्यासारखं दुसऱ्याचं काही त्या प्रोसेसमध्ये येणारच नाही.

हे वेगळेपण दोन हेडर मिळून ठरवतात. पहिलं क्रॉस-ओरिजिन-ओपनर-पॉलिसी, किंमत सेम-ओरिजिन. दुसरं क्रॉस-ओरिजिन-एम्बेडर-पॉलिसी, किंमत रिक्वायर-कॉर्प किंवा क्रेडेन्शियललेस. सोयीसाठी पुढे त्यांना ओपनर हेडर आणि एम्बेडर हेडर म्हणतो. पहिल्यामुळे दुसऱ्या ओरिजिनच्या खिडक्यांशी संबंध तुटतो. दुसऱ्यामुळे परक्या ओरिजिनची चित्रं, स्क्रिप्ट, आयफ्रेम त्यांच्या मालकाने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय आत येत नाहीत. पान एचटीटीपीएसवर किंवा लोकलहोस्टवर असणं ही तिसरी अट. तिन्ही जुळल्या की क्रॉसओरिजिनआयसोलेटेड ही प्रॉपर्टी ट्रू होते. कोडमधून ती बदलता येत नाही, फक्त वाचता येते.

वर्करचे नियम वेगळे आहेत

पानावर ट्रू आलं म्हणून वर्करमध्येही ट्रू येईल, असं गृहीत धरू नका. गेटवर पास दाखवून कारखान्यात शिरलात, तरी स्टोअररूमच्या दारावर तो पुन्हा दाखवावा लागतो, तसं हे आहे. वर्करची स्क्रिप्ट ही सर्व्हरकडून येणारी स्वतंत्र फाइल असते, आणि ब्राउझर त्या फाइलच्या उत्तरासोबत आलेला एम्बेडर हेडर स्वतंत्रपणे पाहतो.

नेहमीच्या, म्हणजे डेडिकेटेड, वर्करच्या बाबतीत असं घडतं. पान आयसोलेटेड नसेल, तर वर्करच्या फाइलला कितीही हेडर लावा, आत फॉल्सच मिळणार. पान आयसोलेटेड आहे आणि वर्करच्या फाइललाही एम्बेडर हेडर आहे, तर ट्रू. इथे पानाला रिक्वायर-कॉर्प आणि वर्करला क्रेडेन्शियललेस असं असलं तरी चालतं. ओपनर हेडर मात्र वर्करच्या फाइलला लावून काही उपयोग नाही, तो फक्त पानासाठी असतो. लावला तर अपाय नाही, इतकंच.

उरलेली स्थिती सगळ्यात फसवी. पान आयसोलेटेड आहे, पण वर्करच्या फाइलला एम्बेडर हेडर नाही. अशा वेळी वर्कर आत फॉल्स दाखवेल असं वाटतं, पण तसं होत नाही. ब्राउझर ती फाइलच अडवतो. वर्कर सुरूच होत नाही, त्यामुळे आतली तपासणीची ओळ कधी चालतच नाही. पानावर वर्करचा एरर इव्हेंट येतो खरा, पण तो साधा इव्हेंट असतो. त्यात मेसेज नसतो, फाइलचं नाव नसतं, ओळीचा आकडा नसतो. एररचा मेसेज छापायचा कोड लिहिलेला असेल तर कन्सोलमध्ये फक्त अनडिफाइन्ड उमटतं आणि माणूस आपल्या वर्करच्या कोडमधली चूक शोधायला लागतो. तेव्हा लक्षात ठेवा: वर्कर मुका राहिला आणि एररला मेसेज नाही, तर आधी नेटवर्क पॅनेलमध्ये त्या फाइलची ओळ पाहा. लाल रंगात, अडवल्याची नोंद तिथे दिसेल.

वर्कर फाइलमधून न बनवता ब्लॉबमधून बनवला असेल तर तो पानाची पॉलिसी वारशाने घेतो, म्हणून आत ट्रू येतं. डेटा यूआरएलमधून बनवलेल्या वर्करला मात्र फॉल्सच मिळतं. दोन्ही दिसायला सारखेच जुगाड वाटतात, म्हणून हा फरक मुद्दाम सांगितला. वर्करने आतून आणखी वर्कर काढले तर त्यांनाही हेच नियम लागतात. एमस्क्रिप्टनने पीथ्रेडसह बांधलेलं मॉड्यूल असंच स्वतःचे वर्कर काढतं, तेव्हा त्याच्या जेएस फाइललाही एम्बेडर हेडर हवा.

शेअर्ड वर्कर आणि सर्व्हिस वर्कर यांचं खातं निराळं. ते एका पानाच्या मालकीचे नसतात, त्यांचं आयसोलेशन त्यांच्या स्वतःच्या स्क्रिप्टवरून ठरतं. आणि पानाने पाठवलेलं शेअर्डअ‍ॅरेबफर त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. थ्रेडचं काम त्यांच्याकडे देऊच नका.

तपासणीची ओळ कुठे लिहायची

वर्करमध्ये विंडो नसते, म्हणून सेल्फ डॉट क्रॉसओरिजिनआयसोलेटेड असं विचारायचं. जुन्या ब्राउझरांत ही प्रॉपर्टीच नसते आणि उत्तर अनडिफाइन्ड येतं, म्हणून तीन बरोबर चिन्हांनी ट्रूशी ताडून पाहा. म्हणजे नसलेलं आणि फॉल्स, दोन्ही एकाच बाजूला पडतील.

शेअर्डअ‍ॅरेबफर हे नाव उपलब्ध आहे का एवढंच टाइपऑफने पाहणं पुरेसं नाही. खूप जणांचा कोड तिथेच थांबतो. नाव दिसणं वेगळं आणि ती मेमरी दुसऱ्या वर्करला देता येणं वेगळं. आयसोलेशन नसतानाही शेअर्ड ट्रू दिलेली वेबअसेंब्ली मेमरी बनू शकते, तिच्या आतलं बफर सामाईक प्रकारचंच असतं, पण पोस्टमेसेजने पाठवायला गेलात की डेटाक्लोनएरर येतो. तेव्हा निर्णय आयसोलेशनच्या प्रॉपर्टीवर घ्या, नावावर नको.

आता जागा. ही ओळ वर्करच्या फाइलमध्ये सगळ्यात वर हवी, पण सगळ्यात वर म्हणजे कुठे हे वर्करच्या प्रकारावर अवलंबून आहे. जुन्या पद्धतीच्या वर्करमध्ये ती इम्पोर्टस्क्रिप्ट्सच्या आधी लिहा. मॉड्यूल वर्करमध्ये मात्र फाइलच्या पहिल्या ओळीवर लिहूनही उपयोग होत नाही, कारण इम्पोर्टची विधानं कुठेही असली तरी त्यांतली मॉड्यूल्स आधी चालतात. मॉडेलची लायब्ररी आत येतानाच कोसळली तर तुमची तपासणी मागेच राहते. म्हणून मॉड्यूल वर्करमध्ये वर कुठलंही इम्पोर्ट ठेवू नका. आधी तपासा, पानाला कळवा, आणि मग डायनॅमिक इम्पोर्टने लायब्ररी आणा.

पानाला कळवताना नुसतं हो-नाही पाठवू नका. एकाच संदेशात चार गोष्टी पाठवा: क्रॉसओरिजिनआयसोलेटेडचं उत्तर, इजसिक्युअरकॉन्टेक्स्टचं उत्तर, शेअर्डअ‍ॅरेबफरचं टाइपऑफ, आणि नॅव्हिगेटर डॉट हार्डवेअरकॉन्करन्सीचा आकडा. या चारही गोष्टी वर्करमध्ये वाचता येतात. सिक्युअर कॉन्टेक्स्टच फॉल्स असेल तर हेडर तपासण्यात वेळ घालवायची गरज नाही, दोष पत्त्यात आहे. सिक्युअर ट्रू आणि आयसोलेशन फॉल्स असेल तर दोष बहुधा पानाच्या हेडरांत किंवा पान कशात बसवलंय त्यात आहे. आणि संदेशच आला नाही तर दोष वर्करच्या फाइलच्या हेडरात असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. म्हणजे उत्तर येण्या-न-येण्यावरूनच अर्धं निदान होतं.

म्हणूनच पानाच्या बाजूला तीन गोष्टी ऐकायच्या: वर्करचा पहिला संदेश, एरर इव्हेंट, आणि ठरावीक वेळेत काहीच न येणं. ही वेळ फार कमी ठेवू नका. एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये मोबाइलचं नेटवर्क बेताचंच असतं, तिथे फाइल उतरायलाच काही सेकंद लागतात. घाईने अपयश ठरवलं तर चांगला चालणारा वर्कर विनाकारण बाद होईल.

एक पायरी पुढे जायचं असेल तर खरोखरचा हातमिळवणीचा प्रयोग करा. वर्करने ट्रू कळवल्यावर पानाने चार बाइटचं शेअर्डअ‍ॅरेबफर बनवायचं, त्यावर इंट32अ‍ॅरे ठेवायचा आणि ते बफर वर्करला पाठवायचं. वर्करने अ‍ॅटॉमिक्स डॉट स्टोअरने त्यात 42 लिहायचे आणि झालं असा साधा संदेश परत पाठवायचा. पानाने अ‍ॅटॉमिक्स डॉट लोडने वाचून 42 दिसतात का पाहायचं. दिसले म्हणजे मेमरी खरंच सामाईक आहे. अ‍ॅटॉमिक्स डॉट वेट मात्र पानावर वापरू नका, तिथे ते टाइपएरर देतं. थांबून राहण्याची मुभा वर्करलाच आहे.

फॉल्स आलं तर टूल बंद पाडायचं नाही. एका थ्रेडचा रस्ता तयार ठेवायचा आणि त्यावर वळायचं. जॉबचा निकाल उशिरा लागेल, पण लागेल. ओएनएनएक्स रनटाइम वेब वापरत असाल तर आयसोलेशन नसताना एकापेक्षा जास्त थ्रेड मागितल्यावर तो कन्सोलमध्ये तसा इशारा देतो. पण मोबाइलवर कन्सोल कोण उघडून बसणार? म्हणून पानाच्या तळाशी लहान अक्षरांत एक ओळ दाखवा: किती थ्रेडवर चाललंय, आयसोलेशन आहे की नाही. सुपरवायझरचा फोन आला की त्याला तेवढी ओळ वाचून दाखवायला सांगा.

एसक्यूलाइटची वेबअसेंब्ली आवृत्ती वर्करमध्ये वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिची ओपीएफएस नावाची नेहमीची साठवणूक या दोन्ही हेडरांशिवाय चालत नाही. हेडर लावणं शक्यच नसेल तर तिच्याच सोबत येणारी ओपीएफएस-एसएएचपूल ही दुसरी पद्धत घ्या, तिला आयसोलेशन लागत नाही.

हेडर लावूनही फॉल्स का येतं

सर्व्हर एनजिनएक्स असेल तर आधी इथे पाहा. हेडर लावण्याची त्याची सूचना अ‍ॅड अंडरस्कोर हेडर. ती सर्व्हरच्या ब्लॉकमध्ये लिहिली की आतल्या सगळ्या लोकेशन ब्लॉकना लागते, पण एका अटीवर: आतल्या ब्लॉकमध्ये स्वतःची एकही अ‍ॅड हेडर सूचना नसली पाहिजे. एक जरी असली तर बाहेरच्या सगळ्या गळून पडतात. आणि जेएस फाइलींच्या फोल्डरला तर हटकून कॅशेचा हेडर लावलेला असतो. परिणाम असा की मुख्य पानाला दोन्ही हेडर व्यवस्थित जातात, क्रॉसओरिजिनआयसोलेटेड ट्रू येतं, आणि वर्करची फाइल एम्बेडर हेडरशिवाय निघते. मघाशी सांगितलेली मुक्या वर्करची स्थिती नेमकी अशी तयार होते. उपाय सोपा: त्या लोकेशन ब्लॉकमध्ये एम्बेडर हेडर पुन्हा लिहा. ओळीच्या शेवटी ऑल्वेज हा शब्दही ठेवा, नाहीतर 404 किंवा 500 सारख्या उत्तरांना हेडर लागत नाही.

हे दुरुस्त केलं तरी जुन्या फाइली ब्राउझरच्या कॅशेत असतात. कॅशेतल्या फाइलसोबत तिचे जुने हेडरही साठवलेले असतात. नावात हॅश असलेल्या फाइलींना वर्षभराचा कॅशे दिलेला असतो, आणि वर्करच्या कोडमध्ये काही बदललं नसेल तर हॅशही तोच राहतो. मग तुमच्या नव्या लॅपटॉपवर चालतं आणि ज्याने आधी टूल वापरलंय त्याच्या मोबाइलवर चालत नाही. वर्करच्या फाइलमध्ये एखादी टिपणी बदलून काम होईलच असं नाही, बांधणी करताना टिपण्या गाळल्या जातात. आवृत्तीचा आकडा असलेली एखादी खरी ओळ बदला, म्हणजे नाव बदलेल. टूल पीडब्ल्यूए असेल तर सर्व्हिस वर्करचा कॅशेही रिकामा करा, कारण तो जुनं पान जुन्या हेडरांसह देत राहतो आणि सर्व्हरवरचे नवे हेडर कुणाच्या नजरेसच पडत नाहीत.

व्हीट वापरणाऱ्यांनी हे पाहावं: सर्व्हर डॉट हेडर्समध्ये लिहिलेले हेडर फक्त डेव्हलपमेंट सर्व्हरपुरते असतात. बांधलेल्या फाइलींसोबत ते कुठेही जात नाहीत. लॅपटॉपवर ट्रू आणि सर्व्हरवर फॉल्स याचं हे अगदी नेहमीचं कारण. नेटलिफाय आणि क्लाउडफ्लेअर पेजेस यांना अंडरस्कोर हेडर्स नावाची फाइल द्यावी लागते. गिटहब पेजेसवर तर आपले हेडर लावण्याची सोयच नाही. तिथे सीओआय-सर्व्हिसवर्कर नावाची छोटी स्क्रिप्ट वापरतात. ती सर्व्हिस वर्करच्या मदतीने उत्तरांना हेडर जोडते आणि त्यासाठी पान एकदा आपोआप पुन्हा लोड करते. डेमोपुरतं ठीक आहे. कारखान्यात रोज वापरायच्या टूलसाठी मी ते सुचवणार नाही, पहिल्याच भेटीत काम सुरू व्हायला पाहिजे.

एकाच पानाच्या अ‍ॅपमध्ये, म्हणजे रिअ‍ॅक्ट राउटर वगैरे असलेल्या, आणखी एक चकवा असतो. तुम्ही फक्त तपासणीच्या पत्त्याला हेडर लावलेत, आणि वापरणारा मुखपृष्ठावरून लिंक दाबून तिथे आला. पत्ता बदलला, पण डॉक्युमेंट तेच राहिलं, सर्व्हरकडे नवी मागणी गेलीच नाही. आयसोलेशन पान लोड होतानाच ठरतं, नंतर बदलत नाही. त्या एका लिंकला पूर्ण लोड करायला लावा.

पान दुसऱ्या कुणाच्या आयफ्रेममध्ये बसवलेलं असेल, समजा कॉलेजच्या पोर्टलमध्ये, तर बाहेरचं पान आयसोलेटेड असल्याशिवाय आतलं होत नाही. शिवाय आतलं पान दुसऱ्या ओरिजिनचं असेल तर आयफ्रेमच्या अलाउ या गुणधर्मात क्रॉस-ओरिजिन-आयसोलेटेड लिहावं लागतं. सोपा मार्ग म्हणजे टूल वेगळ्या टॅबमध्ये उघडणं. क्रोमने 2025 मध्ये डेस्कटॉपवर डॉक्युमेंट-आयसोलेशन-पॉलिसी नावाचं नवं हेडर आणलं आहे, त्याने ही अडचण पुष्कळ सुटते. पण तुमचे वापरणारे मोबाइलवर आहेत, त्यामुळे आज त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहू नका.

वर्कर उठला, आयसोलेशनही ट्रू आहे, तरी इम्पोर्टस्क्रिप्ट्सवर नेटवर्कएरर येतो, असंही होतं. रिक्वायर-कॉर्पखाली परक्या ओरिजिनवरून येणाऱ्या अशा स्क्रिप्टला क्रॉस-ओरिजिन-रिसोर्स-पॉलिसी हेडर क्रॉस-ओरिजिन या किमतीसह हवा. जेएसडिलिव्हरसारखं मोठं सीडीएन ते पाठवतं. मित्राच्या सर्व्हरवर ठेवलेली फाइल पाठवत नसते. फेचने आणलेल्या मॉडेलच्या फाइलला मात्र वेगळं काही लागत नाही, तिला पूर्वीही कॉर्सची परवानगी लागत होतीच. मॉड्यूल वर्करच्या इम्पोर्टचंही तसंच. शक्य असेल तर हे सगळं आपल्याच ओरिजिनवर ठेवा, निम्मे प्रश्न उद्भवणारच नाहीत. क्रेडेन्शियललेस वापरलं तर परक्या फाइली कुकीशिवाय मागवल्या जातात आणि त्यांना परवानगीचं हेडर लागत नाही. पण सफारीत ही किंमत चालत नाही, आयफोनवर मग फॉल्स.

हेडर सबंध साइटला सरसकट लावू नका. ओपनर हेडरमुळे वेगळ्या खिडकीत उघडणारं लॉगिन किंवा पेमेंट परत येऊन तुमच्या पानाशी बोलू शकत नाही, आणि रिक्वायर-कॉर्पमुळे पानात बसवलेले यूट्यूबचे व्हिडिओ बंद पडतात. फक्त तपासणीच्या पानाला दोन्ही हेडर लावा, आणि सगळ्या वर्कर फाइलींना एम्बेडर हेडर लावा. आयसोलेटेड नसलेल्या पानाने तो वर्कर वापरला तरी वर्कर सुरू होतोच. आधी काय मोडेल हे पाहायचं असेल तर एम्बेडर हेडरचं रिपोर्ट-ओन्ली रूप आहे. ते काही अडवत नाही, फक्त नोंद देतं.

कारखान्यात आणि मोबाइलवर

एमआयडीसीतल्या लहान युनिटमध्ये टूल बहुधा ऑफिसातल्याच एका संगणकावर ठेवलं जातं आणि सगळे 192.168 ने सुरू होणारा पत्ता टाकून ते उघडतात. तो पत्ता साध्या एचटीटीपीचा असतो. हेडर अगदी बरोबर असले तरी ब्राउझर ओपनर हेडरकडे दुर्लक्ष करतो, कारण ओरिजिन विश्वासार्ह नाही. क्रोम कन्सोलमध्ये तसं स्पष्ट लिहितोही. ज्या संगणकावर सर्व्हर आहे त्याच्यावर लोकलहोस्टने उघडून पाहिलं तर मात्र सगळं ट्रू. इथे गोंधळ होणं स्वाभाविक आहे, आणि वर्करकडून आलेल्या चार गोष्टींतली इजसिक्युअरकॉन्टेक्स्ट इथेच कामी येते.

यावर टिकाऊ उपाय म्हणजे खरं डोमेन घेऊन त्याचं नाव त्या आतल्या आयपीकडे वळवायचं आणि लेट्स एन्क्रिप्टचं प्रमाणपत्र डीएनएसच्या पडताळणीने मिळवायचं. या पद्धतीत सर्व्हर बाहेरून दिसण्याची गरज नसते, म्हणून कारखान्याच्या आतच राहणाऱ्या संगणकालाही ते मिळतं. उपकरणं दोन-तीनच असतील तर एमकेसर्टने स्थानिक प्रमाणपत्र बनवूनही भागतं, पण त्याचं मूळ प्रमाणपत्र प्रत्येक मोबाइलमध्ये घालावं लागतं.

डेव्हलपमेंट चालू असताना अँड्रॉइड फोनवर पाहायचं असेल तर इतकं करायला नको. फोन यूएसबीने लॅपटॉपला जोडा आणि एडीबीच्या रिव्हर्स आदेशाने फोनचं 5173 पोर्ट लॅपटॉपच्या 5173 ला जोडा. हे व्हीटचं नेहमीचं पोर्ट. मग फोनवर लोकलहोस्ट, कोलन, 5173 असंच टाकायचं. फोनच्या दृष्टीने तो लोकलहोस्टच आहे, म्हणून सिक्युअर कॉन्टेक्स्ट मिळतो आणि खऱ्या फोनच्या खऱ्या कोअरवर थ्रेड चालवून पाहता येतात. लॅपटॉपवरच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडलं की फोनमधल्या पानाचा कन्सोल दिसतो. कन्सोलच्या वर टॉप असं लिहिलेली यादी असते, तिच्यातून आपला वर्कर निवडा आणि तिथे क्रॉसओरिजिनआयसोलेटेड टाइप करा. हे उत्तर वर्करच्या आतून आलेलं असतं. अ‍ॅप्लिकेशन पॅनेलमधल्या फ्रेम्समध्ये पानाचं आयसोलेशन आणि दोन्ही पॉलिसी एकत्र दिसतात.

सर्व्हरवर चढवल्यावर कर्लने दोनदा विचारा, एकदा पानाचा पत्ता आणि एकदा वर्करच्या फाइलचा पत्ता. दुसरा पत्ता नेटवर्क पॅनेलमधून उचला, अंदाजाने टाकू नका, बांधणीनंतर त्याचं नाव बदललेलं असतं. नुसत्या हेड विनंतीवर विसंबू नका, पूर्ण फाइल मागवून तिचे हेडर छापा.

आणि हे दर वेळी हाताने करायची गरज नाही. प्लेराइटमध्ये पानाच्या वर्कर्सची यादी मिळते आणि प्रत्येक वर्करच्या आत कोड चालवता येतो. चाचणी एवढीच लिहा: चढवलेल्या पत्त्यावर पान उघडायचं, पानावर क्रॉसओरिजिनआयसोलेटेड ट्रू आहे का पाहायचं, किमान एक वर्कर यादीत यायची वाट पाहायची, आणि त्या वर्करमध्ये तोच प्रश्न विचारायचा. वर्कर यादीत आलाच नाही तर चाचणी नापास झाली पाहिजे, गप्प बसून पास होता कामा नये. ही चाचणी बांधणीनंतर लगेच न चालवता सर्व्हरवर चढवून झाल्यावर चालवा, कारण हेडर देतो तो सर्व्हर. आणि क्रोमियमबरोबर फायरफॉक्स व वेबकिट या प्लेराइटच्या उरलेल्या दोन इंजिनांवरही ती फिरवा. पानाला क्रेडेन्शियललेस ठेवलं असेल तर वेबकिटवर ती नापास होईल, आणि आयफोनवाल्यांना कुठला रस्ता द्यायचा हे तुम्हाला टूल कारखान्यात जाण्याआधीच ठरवता येईल.